नागपुरात घरून केक विकायचे आहेत, सजावटीला गच्चीवरची फुलं-पानं वापरायची आहेत. परवाना लागतो का? आणि डब्यावर ‘ऑरगॅनिक’ लिहिता येईल का?

कागद लागतो, पण सगळ्यात सोपं काम तेच आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. पैसे घेऊन केक दिला की तुम्ही त्यात आलात, मग ऑर्डर शेजारच्या काकूंची का असेना. मी केलं तेव्हा १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना नुसती नोंदणी पुरायची: फॉस्कॉस या सरकारी अन्न-परवान्यांच्या पोर्टलवर फॉर्म, फोटो, ओळखपत्र आणि वर्षाला १०० रुपये. आताची मर्यादा पोर्टलवर पाहून घ्या. जो १४ अंकी नंबर मिळतो तो डब्यावर टाकायचा. एजंट एवढ्याचेच हजार-दोन हजार मागतात. देऊ नका.

खरी गोम डब्यावर तुम्ही काय लिहिता त्यात आहे. आपल्याकडे कायद्याने अंडं मांसाहारात मोडतं. म्हणजे अंड्याच्या केकवर हिरवा ठिपका चालत नाही. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण हवा. पहिल्या वर्षी मी एक डबा काहीच खूण न करता दिला. त्या घरच्या आजी अंडं खात नाहीत हे मला ठाऊक नव्हतं, आणि केकमध्ये अंडं आहे हे त्यांना. आजी काही बोलल्या नाहीत, सूनबाईंचा फोन मात्र आला. तेव्हापासून बिनअंड्याच्या केकची भांडी वेगळी ठेवली आहेत.

‘ऑरगॅनिक’ लिहू नका. स्वतः पिकवलेला माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण तुमचा मैदा-साखर इतवारीतून येणार. वर चार पुदिन्याची पानं खोचली म्हणून केक सेंद्रिय होत नाही जी. ‘पुदिना आमच्या गच्चीवरचा’ लिहा, ते खरं आहे आणि लोकांना आवडतंही.

फुलांचं मात्र कोणताही फॉर्म तुम्हाला विचारणार नाही, म्हणून जरा थांबून सांगते. कण्हेर आपल्याकडे प्रत्येक कुंपणाला आहे, गुलाबी कण्हेर फोटोत सुरेखही दिसते. ती विषारी आहे. सदाफुलीही खायची नाही. ‘खाऊ नका, फक्त शोभेला आहे’ हे पाच वर्षांच्या पोराला कोण सांगणार? देशी गुलाब आणि गोकर्ण वापरा, तेही स्वतः लावलेले. नर्सरीतून फुलांसकट आणलेल्या कुंडीवर औषध मारलेलं असतं. त्यावरची फुलं काढून टाका, नव्या बहराची वाट पाहा.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका. ती पावसाळ्यात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेणखत आणि कोकोपीट मिसळा. एप्रिलपासून सावलीला हिरवी जाळी हवीच. कुंडीखालच्या ताटलीतलं आणि कूलरमधलं पाणी आठवड्याला ओता, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

डब्यासोबत प्लॅस्टिकची सुरी देण्याची सवय असेल तर सोडा. १ जुलै २०२२ पासून तिच्यावर देशभर बंदी आहे, प्लॅस्टिकचे चमचे-काटेही त्यात आले. मी लाकडी सुरी देते. बिस्किटं वर्तमानपत्रात बांधणंही चालत नाही, शाई अन्नाला लागते.

विजेचं विचारलं नाहीत, पण ओव्हन लावल्यावर विचाराल. राहत्या घरातूनच लहान धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत असेल, तर महावितरण घरगुती दरच लावतं, असं मी दरपत्रकात वाचलं होतं. मे महिन्यात ओव्हन आणि कूलर दोन्ही चालले की ३०० कधी ओलांडतात कळत नाही. म्हणून मी तेव्हा पहाटे पाचला भाजते आणि क्रीमच्या ऑर्डरी घेतच नाही. ४५ अंशांत क्रीम धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंतही टिकत नाही. त्या दिवसांत फक्त साधा संत्र्याचा केक. त्याच्या साली मी आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या संत्र्यांच्या, डिसेंबरातच साखरेच्या पाकात मुरवून ठेवते.