वडील मिरजेला अ‍ॅडमिट आहेत, लघवीची नळी आणि सलाईन चालू आहे. इन्फेक्शन होऊ नये म्हणून आम्ही काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जतहून मिरजेला आणलं, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रात्री त्यांच्याजवळ तुम्ही एकटेच असता.

आधी लघवीच्या पिशवीकडे बघा. ती कॉटच्या कडेला, मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण फरशीला टेकता कामा नये. घोळ होतो तो एक्स-रेला नेताना. स्ट्रेचरवर घेतलं की पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून देतात आणि साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. पिशवी स्ट्रेचरच्या खालच्या दांडीला अडकवायला सांगा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची; तोटीचं टोक भांड्याला लागू द्यायचं नाही आणि शेजारच्या पेशंटचं भांडं तर अजिबात घ्यायचं नाही. त्या एका भांड्यावरून जंतू वॉर्डभर फिरतात. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नका. कूस बदलली की नळी अंगाखाली दुमडली नाही ना, तेही बघा.

रोज राऊंडला डॉक्टरांना विचारा, "नळी आज काढता येईल का?" यात संकोच नको. नळी जितके दिवस राहते तितका धोका वाढतो, आणि गर्दीच्या वॉर्डात ती काढायची राहूनही जाते.

सलाईनच्या सुईपाशी लाली, सूज, दुखणं किंवा ओली झालेली पट्टी दिसली तर सिस्टरना लगेच सांगा. वरून तेल चोळू नका.

हात सगळ्यात महत्त्वाचे. पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतरही सॅनिटायझर तळहातभर घ्या, अंगठे आणि बोटांची टोकं घासून 20 ते 30 सेकंदांत वाळू द्या. हात मळलेले असतील किंवा वॉर्डात कुणाला जुलाब असतील तर सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच हवं. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचे.

जेवताना आणि नंतर अर्धा तास उशाकडची बाजू वर ठेवा, दात दोन वेळा घासा. झोपून राहणाऱ्यांना न्यूमोनिया लवकर धरतो. गावाकडून गाडी भरून येणाऱ्यांना, विशेषतः सर्दी-खोकला असलेल्यांना, फोनवरच चौकशी करायला सांगा.

थंडी वाजून ताप आला, वडील असंबद्ध बोलायला लागले, किंवा नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका, रात्रीच सिस्टरना उठवा.