डायलिसिसच्या वेळी येणाऱ्या गोळ्यांचा त्रास मोजायचा कसा?

डायलिसिस चालू असताना आपल्या वडिलांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, पण डॉक्टरांनी ‘किती त्रास होतो?’ असे विचारले की ‘होतो थोडाफार’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही, म्हणून हा त्रास मोजण्याची काही रीत आहे का, असे आपण विचारले आहे. मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे आणि हे ‘थोडाफार’ माझ्या चांगल्या ओळखीचे आहे.

आमच्या तक्त्यावर फार विसंबू नका. रुग्णाने हाक मारली आणि आम्ही पाणी काढण्याचा वेग कमी केला किंवा सलाईन दिले, तरच गोळ्याची नोंद होते. पलंगाच्या पायथ्याच्या फळीला तळपाय रेटून, दात आवळून गप्प राहणारे रुग्ण मी पाहिले आहेत. सलाईन घेतले तर तेवढे पाणी पुन्हा अंगात जाईल, ही त्यांची धास्ती. अशा दिवशी तक्त्यात ‘तक्रार नाही’ असेच लिहिले जाते.

प्रश्नावल्या आहेत. केडीक्यूओएल-३६ मध्ये गेल्या ४ आठवड्यांत गोळ्यांनी किती हैराण केले, हे विचारतात, तर डायलिसिस सिम्प्टम इंडेक्समध्ये ३० तक्रारींपैकी ही एक असते आणि तेथे गेल्या ७ दिवसांपुरतेच विचारतात. आठवड्याला ३ वेळा डायलिसिस होत असेल, तर ४ आठवड्यांत १२ वेळा मशीनवर पडावे लागते, आणि त्यांतली सर्वांत वाईट आणि अगदी अलीकडची अशी एकदोनच खेप लक्षात राहते. शिवाय गोळा मशीनवर आला की रात्री घरी झोपेत, हे त्या उत्तरातून कळत नाही, आणि उपाय ठरवताना नेमके तेच कळायला हवे असते.

म्हणून त्याच दिवशी, केंद्रातून निघण्यापूर्वी, वहीत लिहावे: गोळा कितव्या तासाला आला, पोटरीत, मांडीत की हातात, किती मिनिटे टिकला, ० ते १० मध्ये वेदना किती होती आणि काय केल्यावर तो सुटला. नुसता आकडा पुरेसा नाही. २ मिनिटांत सुटलेला ८ चा गोळा आणि तीनदा येऊन दुसऱ्या दिवशीही पाय ठणकत ठेवणारा ५ चा गोळा, यांत मला दुसरा अधिक जाचक वाटतो. गोळा आला नाही, त्या दिवशी ‘नाही’ असे आवर्जून लिहावे, नाहीतर कोरी जागा म्हणजे आराम की विसर, हे कळत नाही.

शेजारी वजन आणि काढलेले पाणी लिहावे. ६० किलोच्या माणसाचे ४ तासांत ३ लिटर पाणी काढले, तर वेग ताशी किलोमागे १२.५ मिलिलिटर होतो. तेवढेच पाणी ५० किलोच्या माणसाचे काढले, तर १५ होतो. १३ च्या पुढे जाऊ नये, असे बऱ्याच ठिकाणी पाळतात. वेग बेताचा असूनही दर वेळी शेवटच्या तासातच गोळे येत असतील, तर अंगावर मांस चढले आहे आणि ठरवलेले ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावर अंगाचे जे वजन उरावे ते, आता कमी पडते आहे का, हे डॉक्टरांना जरूर तपासायला सांगावे.

आणखी एक रकाना ठेवावा: मशीन प्रत्यक्षात किती मिनिटे चालले. ‘थोडाफार’ म्हणणारे वडील ४ तासांऐवजी साडेतीन तासांत उठत असतील, तर त्रास किती होता ते तेथे दिसेल.