नातीचे नाव : शास्त्र, अर्थ आणि आजीची आठवण

प्रश्न : येत्या आठवड्यात आमच्या नातीचे बारसे आहे. माझ्या दिवंगत आईचे नाव नर्मदा होते आणि तेच नातीला ठेवावे, अशी माझी इच्छा आहे. मुलगा व सूनबाई यांनी ‘कियारा’ हे नाव निवडले असून ते संस्कृत असल्याचे त्यांनी मोबाइलवर वाचले आहे. वाडीतील एका जाणत्या गृहस्थांनी तर नदीचे नाव मुलीला ठेवणे शास्त्राला मान्य नाही, असे सांगितले. शिवाय पत्रिकेत ‘ते’ हे अक्षर आले आहे. काय करावे?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : त्या गृहस्थांच्या म्हणण्याला आधार आहे, हे आधी मान्य करायला हवे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या कन्येशी विवाह करू नये, असे म्हटले आहे. मात्र हा श्लोक वधू निवडण्यासंबंधीचा आहे, बारशाचा नव्हे. आणि परंपरेने तो कधीच मनावर घेतलेला दिसत नाही. बलरामाची आई रोहिणी आणि पत्नी रेवती, दोघींचीही नावे नक्षत्रांची आहेत. आपल्याकडे तर गोदावरी, यमुना, कृष्णा आणि तुळसा ही नावे घरोघरी पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. बाणकोटच्या खाडीला मिळणाऱ्या सावित्रीचे नाव कोकणातील कितीतरी आज्यांचे असेल, आणि त्यांपैकी कोणाचे लग्न त्या नावापायी अडल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही.

मुलीचे नाव कसे असावे, हे त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे : उच्चारायला सुखकर, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे. पारस्कर गृह्यसूत्र हा घरातील संस्कारांचा प्राचीन ग्रंथ मुलीच्या नावात विषम अक्षरे व शेवटी ‘आ’ असावा, असे सांगते. या कसोट्यांवर ‘नर्मदा’ तपासून पाहा. अक्षरे तीन, शेवट आकारान्त. ‘नर्म’ म्हणजे क्रीडा, विनोद, आनंद आणि ‘दा’ म्हणजे देणारी. आनंद देणारी, इतका उघड आणि गोड अर्थ असलेले नाव सहजी सापडत नाही.

‘कियारा’ अक्षरांच्या हिशेबात बसते, पण ‘स्पष्ट अर्थ’ या अटीशी अडते, कारण असा शब्द संस्कृत कोशांत नाही आणि कोणत्याही धातूपासून त्याची सरळ व्युत्पत्ती लावता येत नाही. इटालियन भाषेत याच्याशी मिळतेजुळते नाव ‘उजळ’ या अर्थाने प्रचलित आहे. ते सुंदर आहे, आणि आईवडिलांना आवडले तर ठेवण्यात काही गैर नाही. पण संस्कृत म्हणून मात्र सांगू नये, कारण उद्या मुलगी मोठी होऊन अर्थ विचारील तेव्हा तिला खरे उत्तर मिळायला हवे.

आजी-आजोबांचे नाव पुढे चालवण्याबद्दल एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. पतंजलीने महाभाष्य या आपल्या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या आरंभी, व्याकरण का शिकावे हे सांगताना, मुलाचे नाव ‘त्रिपुरुषानूक’ असावे, म्हणजे पित्याच्या मागील तीन पिढ्यांना धरून असावे, हे याज्ञिकांचे वचन उद्धृत केले आहे. वचन पुत्राबद्दलचे आहे, हे खरे. परंतु ज्या भावनेने नातवाला आजोबांचे नाव देतात तीच भावना नातीच्या बाबतीत आखडती का घ्यावी, याचे कारण मला दिसत नाही. तुमच्या बाबतीत तर नर्मदाबाई बाळाच्या पणजी, म्हणजे पित्यापासून मागे दुसरी पिढी.

तरीही अखेरचा शब्द आईवडिलांचा. सूनबाईंना नावाचा अर्थ आणि तुमच्या आईच्या दोन आठवणी निवांतपणे सांगा, आग्रह धरू नका. कानात ‘कुर्र’ करून आत्या एकाहून अधिक नावे सांगते, अशी रीत पुष्कळ घरांत आहे; तेव्हा दोन्ही नावे ठेवायलाही हरकत नाही. राहिले ‘ते’ हे अक्षर. ते विशाखा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे असून त्यावरून ठेवायचे जन्मनाव पत्रिकेत वेगळे लिहिता येते, हाक मारायच्या नावाला त्याचे बंधन नाही.