खाज आहे, पण पुरळ नाही

प्रश्न : मला ३२वा आठवडा चालू आहे. पंधरा दिवस झाले, तळहात-तळपाय खाजतात. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. 'पित्त उठलं असेल' म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. आता रक्तात बाइल अॅसिड ४६ आलंय. बाळाला धोका आहे का? गोळ्यांनी आकडा उतरेल ना?

उत्तर : अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी येतात आणि काही तासांत विरतात. तुमच्या कातडीवर बहुधा फक्त नखांचे ओरखडे असतील. हे पित्त यकृतातलं. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे त्याचा निचरा मंदावतो आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात. डॉक्टर याला कोलेस्टॅसिस म्हणतात.

खाज तुम्हाला सुटते, पण जपायचं असतं बाळाला. ही आम्लं वारेतून बाळाच्या रक्तात जातात. बाळ पोटातच शी करण्याची आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यता वाढते. आकडा फार चढला तर बाळाच्या हृदयाची लय अचानक बिघडत असावी, असं मानलं जातं. म्हणूनच आजची सोनोग्राफी किंवा ठोक्यांचा आलेख चांगला आला तरी तो उद्याची हमी देत नाही. निर्णय आकड्यावरच घ्यावा लागतो.

२०१९ साली हजारो गरोदर स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. आकडा १००च्या आत असताना पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण हजारी एक ते तीन होतं, १००च्या वर मात्र शंभरात तीनहून जास्त. तुमचे ४६ मधल्या, म्हणजे ४० ते ९९च्या गटात येतात. या गटात साधारण ३८-३९ आठवड्यांपर्यंत धोका इतर गरोदरपणांइतकाच असतो, त्यामुळे प्रसूती त्याच सुमारास ठरवतात. १००च्या वर गेल्यास ३५-३६ आठवड्यांतच. जुळी असतील, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर हिशेब बदलतो. तो डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. बाइल अॅसिडची तपासणी दर आठवड्याला करा, जेवून गेलात तरी चालतं. नुसता एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून बाइल अॅसिड टाळू नका.

आता गोळ्यांचं. यासाठी बहुतेक वेळा अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड देतात. तिनं काहींची खाज थोडी उतरते. पण २०१९च्याच एका मोठ्या चाचणीत तिच्यामुळे बाळाचा धोका कमी झालेला दिसला नाही. गोळी चालू आहे म्हणून तपासणी चुकवणं, ही चूक आम्हाला सर्वांत जास्त सलते. मेंथॉलचं मलम आणि सैल सुती कपडे यांनी रात्र जरा सुसह्य होते. शौचाला पांढुरकं, तेलकट होत असेल तर सांगा. मग रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के द्यावं लागू शकतं.

बाळाची हालचाल मंदावली, डोळे पिवळे झाले, उलट्या, डोकेदुखी किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मागच्या खेपेला हा त्रास झाला होता. पुन्हा होईल?

उत्तर : होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. पहिल्याच भेटीत सांगा आणि खाज सुटताच तपासणी करून घ्या. प्रसूतीनंतर चार-सहा आठवड्यांनी एलएफटी पुन्हा केला होता का? तो तेव्हाही बिघडलेला असेल तर यकृताचा दुसरा आजार शोधावा लागतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही अशीच खाज परत येऊ शकते. त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना हा इतिहास सांगा.