जीपीएस नव्हतं तेव्हा रात्री शहर कसं सापडायचं?

दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेकी विमानं अंधारात शहर कशी गाठत, आणि नागपुरातल्या बर्डीवरून आणलेलं, युद्धात ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात काम केलेले शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांचं 'मोस्ट सिक्रेट वॉर' (१९७८) रेडिओ-बीमपाशी (एका दिशेने सोडलेल्या रेडिओलहरींच्या अरुंद पट्ट्यापाशी) अडलंय तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर पुस्तक मिटा आणि आधी नकाशा घ्या.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून ताशी ३०० किमीने मुंबईकडे निघा. सरळ अंतर साधारण ६८० किमी, म्हणजे सव्वादोन तास. उत्तरेकडून ताशी ३० किमीचा वारा आहे हे कळलंच नाही, तर वेळ संपेल तेव्हा तुम्ही अलिबागच्याही दक्षिणेला असाल. होकायंत्र ठीक, घड्याळ ठीक, दगा दिला वाऱ्याने. (१९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची डाक विमानं रात्री आपल्या नागपुरातच जमून टपालाची अदलाबदल करत. त्यांच्या वैमानिकांना हे गणित काय वाटत असेल!) युद्धात तर खाली दिवे विझवलेले, आणि वर ढग असले की सेक्स्टंटला (ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायच्या उपकरणाला) तारेही नाहीत. बॉम्ब टाकताना घेतलेल्या फोटोंवरून ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिशांचा बट अहवाल आला. लक्ष्यावर हल्ला केला म्हणणाऱ्या विमानांपैकी तीनातलं एकच पाच मैलांच्या आत पोचलं होतं. जर्मनीच्या रुर या कारखान्यांच्या भागात दहातलं एक.

जर्मनांकडे लोरेन्झ होतं, खराब हवेत विमान उतरवायचं साधन. धावपट्टीच्या रेषेच्या एका बाजूला कानात डॉट (तुटक छोटे सूर), दुसऱ्या बाजूला डॅश (लांब सूर), मधोमध सलग सूर. तोच बीम ताकदवान करून इंग्लंडवर रोखला की झालं 'क्निकेबाइन'. गंमत अशी, की विमानात वेगळं यंत्र लागतच नव्हतं. पाडलेल्या हाइनकेल या जर्मन बॉम्बफेकी विमानातला लँडिंगचा रिसीव्हर गरजेपेक्षा फारच संवेदनशील निघाला, तिथे ब्रिटिशांचा संशय बळावला. २१ जून १९४० च्या रात्री ब्रिटिशांच्या एका अ‍ॅन्सन विमानाला ३१.५ मेगाहर्ट्झवर तो बीम सापडला. तुम्ही अडलात ते हेच. पण बीम शत्रूलाही ऐकू येतो, मग तो बिघडवताही येतो.

ब्रिटिशांचं 'जी' (Gee, १९४२) हे दिशादर्शनाचं तंत्र वेगळ्या वाटेने गेलं. जमिनीवरची केंद्रं ठरावीक लयीत रेडिओलहरींची स्पंदं सोडत. दोन केंद्रांची स्पंदं किती फरकाने आली हे नॅव्हिगेटर पडद्यावर मोजायचा. त्यातून नकाशावर एक वक्र मिळे, दुसऱ्या जोडीतून दुसरा, आणि दोन्ही छेदतात तिथे विमान. विमान स्वतः काहीच प्रक्षेपित करत नसे, त्यामुळे कितीही विमानं एकाच वेळी वापरू शकत. पृथ्वीच्या गोलाईमुळे पल्ला मात्र मर्यादित, आणि काही महिन्यांतच जर्मनांनी तेही जॅम करायला घेतलं.

जोन्स वाचायला झकास, पण सगळं त्यांच्याच खुर्चीतून दिसतं. जोडीला अल्फ्रेड प्राइस यांचं 'इन्स्ट्रुमेंट्स ऑफ डार्कनेस' (१९६७) घ्या, त्यात दोन्ही बाजू येतात. नंतरची वाढवलेली आवृत्ती मिळाली तर तीच.