पासवर्ड दादाला दिला होता

"मॅडम, माझ्या लॉगिनवरून दुसऱ्याच कुणीतरी काहीतरी केलं. विद्यापीठाची नोटीस आलीय. आता माझं शिक्षण संपलं का?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं अलीकडे वाढली आहेत. कुणी हॉस्टेलच्या वायफायवर टोरंटने सिनेमा उतरवलेला असतो. टोरंट आपल्याकडे सिनेमा घेत असतानाच तो इतरांना वाटतही असतो, हे त्याच्या गावीही नसतं. कुणी लॅबच्या कॉम्प्युटरवर लॉगआऊट न करता जेवायला गेलेला असतो. पण सगळ्यात जास्त मुलं येतात ती पासवर्ड दिला म्हणून. त्यातल्या एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पणजीहून कदंबा बसने फोंड्याला आली ती भर पावसात. समोर बसली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. तो थरथरला की उचलायची, बघायची, परत पालथा ठेवायची. पहिल्या दहा मिनिटांत असं सात-आठ वेळा झालं. नोटीस येऊन चार दिवस झाले होते. घरी सांगितलेलं नव्हतं. झोप नाही, मेसमध्ये जाणंही बंद, कारण शेजारच्या खोलीतली मुलगी तिथे रोज म्हणायची, "जर्नल्स उघडतच नाहीत गं, माझा चॅप्टर अडकलाय." ती का उघडत नाहीत, हे हिला ठाऊक होतं.

मी आधी सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतोय का?" असं विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मरायचं नाही मॅडम, पण कुठेतरी नाहीसं व्हावंसं वाटतं." त्या दिवशी नोटिशीचा विषय मी बाजूला ठेवला. रात्री खोलीत एकटी राहणार नाही, हे ठरवलं, एका मैत्रिणीला तिच्यासमोरच फोन लावला आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये घातला. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

दुसऱ्या भेटीत सगळं नीट कळलं. गेल्या गणेश चवथीला सगळे सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जमले होते. दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, शिडीवर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधत होता आणि ही खालून सुपारीचे घोस आणि कवंडळं वर देत होती. दादा शेजारच्या राज्यात एका खासगी कॉलेजात शिकवतो आणि पीएचडी करतो. २०२५ पासून केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी संस्थांना हजारो जर्नल्स खुली झाली, पण त्याचं कॉलेज त्यात नाही. शिडीवरूनच तो म्हणाला, "चार पेपर हवेत गं. तुझं लायब्ररीचं लॉगिन दे ना." आई आजारी होती त्या वर्षी ही मावशीकडेच राहून बारावी झाली होती. फीसुद्धा मावशीनेच भरली होती. त्या घराला 'नाही' म्हणायचं? तिने तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवून दिला.

दादाने चार पेपर घेतले. मग खोलीतल्या मित्राला हवे होते, म्हणून त्याला दिला. मित्राने आणखी एकाला. त्या एकाने एक प्रोग्रॅम लावला आणि रात्रभरात हजारो पेपर उतरवले. प्रकाशकाला या साखळीतलं काही दिसत नाही. बाहेरून लॉगिन केलं तरी त्याला दिसतो फक्त विद्यापीठाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची ओळख. एका पत्त्यावरून यंत्राच्या वेगाने उपसा सुरू झाला की तो पत्ताच बंद करतो आणि प्रबंध जमा करायच्या महिन्यात सगळा कॅम्पस बाहेर राहतो. विद्यापीठाच्या बाजूने मात्र नोंद असते: कुठल्या लॉगिनवरून, किती वाजता, कुठून. केंद्राच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे अशा नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या नोंदीत दादा नाही, मित्र नाही. फक्त हिचं नाव.

तिने उत्तर आधीच लिहून आणलं होतं: 'माझं अकाऊंट हॅक झालं.' मी ते फाडलं नाही, चूकही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "समितीतल्या सरांनी विचारलं, की हॅक झाल्याचं तुला कधी कळलं, मग पासवर्ड का बदलला नाहीस, तक्रार कुठे केलीस, तर काय सांगशील?" ती गप्प. मग माझ्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघींनी विद्यापीठाची संगणक-वापराची नियमावली उघडली. प्रवेशाच्या वेळी तिने 'मान्य आहे' वर टिचकी मारली होती, वाचली नव्हती. ती वाचतं कोण? पण त्या दुपारी आम्ही एकेक ओळ वाचली. खातं फक्त स्वतःपुरतं. पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, घरच्यांनाही नाही. घाऊक डाऊनलोड नाही. खात्यावरून जे होईल त्याची जबाबदारी खातेदाराची. 'घरच्यांनाही नाही' या ठिकाणी ती थांबली. ते दोन शब्द तिने दोनदा वाचले.

तिची सगळ्यात मोठी भीती पोलिसांची होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, आयटी ॲक्टखाली तीन वर्षं जेल. मी वकील नाही, पण कायद्याचा मजकूर उघडून दाखवू शकते. २००० सालच्या त्या कायद्यात कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे खरं. पण ते 'अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने' केलेल्या कृत्यासाठी. दादाला चार पेपरसाठी पासवर्ड देणं हा नियमभंग आहे आणि त्याची शिक्षा व्हायला हवी. पण हॅकिंगची खोटी कहाणी लेखी देणं, हा अप्रामाणिकपणा तिने अजून केलेला नव्हता. तो करायचा की नाही, हे तिच्या हातात होतं.

मला इथे मनापासून सांगायचंय, की बहुतेक मुलांना मूळ चुकीपेक्षा पुढची लपवाछपवीच जास्त महागात पडते. मेसेज पुसायचे, फोन फॉरमॅट करायचा, मैत्रिणीला खोटं बोलायला लावायचं. चुका करणारी ही मुलं वाईट नसतात. त्यांना 'नाही' म्हणायला घरात कधी शिकवलेलंच नसतं.

पत्र लिहायला तीन तास लागले. पहिला खर्डा तीन पानांचा होता, त्यात 'मी नालायक आहे' चार वेळा. मी म्हटलं, "समितीला तुझी लायकी ठरवायची नाहीये. काय झालं ते हवंय." शेवटी अर्धं पान उरलं. पासवर्ड अमुक दिवशी नातेवाईकाला दिला. तो पुढे गेल्याचं नोटिशीनंतर कळलं. त्याच दिवशी पासवर्ड बदलला, सगळ्या ठिकाणचं लॉगिन काढलं. मेसेज जपून ठेवले आहेत, दाखवायला तयार आहे. डाऊनलोड नेमके कुणी केले, मला ठाऊक नाही. माफी एका ओळीत.

दादाचं नाव घालायचं का, यावर ती अडली. मी उत्तर दिलं नाही, ते माझं काम नव्हे. एवढंच म्हटलं, की विचारलं तर खरं सांगावं लागेल, तेव्हा त्याला ते तुझ्याकडूनच आधी कळू दे. तिने माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग दादा म्हणाला, "माझं नाव घाल. मीही त्यांना मेल करतो." आणि त्याने केला.

घरी सांगायला ती शनिवारी गेली. बाबा ऐकून घेऊन उठले, अंगणात जाऊन आले आणि म्हणाले, "सोमवारी मी येतो सोबत." समितीने तिचं खातं सहा आठवडे बंद ठेवलं, लेखी ताकीद दिली आणि ग्रंथालयाचा एक वर्ग करायला लावला. सहा आठवडे ती ग्रंथालयात ग्रंथपालांसमोरच्या मेजावर बसून काम करत होती. त्यांनीच तिला दाखवलं, की शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले प्रबंध कुणालाही खुले आहेत आणि पेपरच्या लेखकाला साधा मेल केला तरी बरेचदा प्रत मिळते. दादाला त्या दिवशी शिडीवर हे सांगता आलं असतं, असं ती मला म्हणाली.

शेजारच्या खोलीतल्या मुलीला तिने स्वतः जाऊन सांगितलं. ती मुलगी चिडली, दोन दिवस बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी मेसमध्ये शेजारी येऊन बसली.

मावशीचं म्हणणं, घरातली गोष्ट बाहेर कागदावर का गेली. दादाने आईला समजावून पाहिलं, हिच्या आईनेही. मावशीने भरलेल्या फीची आठवण तिला अजून टोचते आणि त्यावर आमचं काम चालू आहे. यंदाच्या चवथीला ती गेली होती. माटोळी बांधताना दादाला तिनेच खालून सामान दिलं. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.