माळरान समजून घेताना
गवताळ प्रदेशाचा अभ्यास सुरू करतोयस, तर पाऊस, वणवा आणि चराई वेगवेगळी बघू नकोस. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी माळरानाचंच घे. १९६०च्या दशकात तिथल्या विल्डबीस्ट या गवतखाऊ कुरंगांमधून बुळकांडी ही गुरांची साथ हटली, कळप झपाट्याने वाढले, गवत फस्त होऊ लागलं, जळायला फारसं उरेना. वणवे घटले आणि झाडं वाढली. गुरांच्या एका रोगाचा धागा थेट झाडांपर्यंत पोचतो! आफ्रिकेत वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे तर वणवा-चराईशिवाय सवाना, म्हणजे विखुरलेल्या झाडांचं माळरान, टिकणं अवघडच.

जळका माळ पाहून लगेच हळहळू नकोस. गवताचे कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतात, ते पुन्हा फुटतात. झाडांची रोपं मात्र ज्वाळांच्या वर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा होरपळतात. म्हणून आधी वाकून गवताचे बुंधे तपास.